घरचा माणूस आणि मोडलेला पाय

पाय आहे. आधी तेवढं सांगून टाकतो, कारण माझ्यासारखा कोणी खाटेवर पडून हे वाचत असेल तर त्याला पहिली काळजी तीच असणार. उजवा पाय गुडघ्याखाली जरा वाकडा आहे, थंडीत ठणकतो, जिना चढायला काठी लागते. पण आहे.

मी दत्ता. साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली, त्यामुळे लिहायचा सराव नाही. आमच्या वकीलमॅडम म्हणाल्या, "लिहा, दुसऱ्या ड्रायव्हरच्या उपयोगी पडेल." म्हणून लिहितोय. ह्यात राग दिसेल. मी तो काढून टाकायचा प्रयत्न केला, पण निघाला नाही.

फाळका

यवतमाळ जिल्ह्यात मी आलो मेव्हण्याच्या ओळखीनं. वणीजवळ राजूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीत ट्रक भरायचा, रेल्वेच्या सायडिंगवर ओतायचा, परत भरायला जायचं. ट्रकचे मालक विलासभाऊ. घरची कापूस-तुरीची शेती आणि वर ट्रक. त्यांच्या अंगणातल्या खोलीत मी राहायचो आणि जेवायला त्यांच्याच स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर बसायचो. विलासभाऊंच्या आईला सगळे बुढीमाय म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. गाडी अंगणात लागली की आतून हाक यायची, "दत्त्या, जेवला का बे?"

घरापासून एवढ्या लांब कोणी जेवलास का म्हणून विचारलं की माणूस विरघळतो. मी पुरता विरघळलो होतो.

धूळ बसावी म्हणून कोळशावर पाणी मारतात. पाणी जास्त झालं की कोळसा ट्रकच्या डाल्याला, म्हणजे मागच्या हौद्याला, चिखलासारखा चिकटतो. त्या दिवशी तसंच झालं. डाला वर उचलला तरी माल खाली येईना. मागचा फाळका, म्हणजे डाल्याचा लोखंडी दरवाजा, कडीत अडकलेला. उतरून मागं गेलो आणि टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, कडीवर ठोकलं. असं शंभरदा केलेलं होतं. ह्या वेळी कडी सुटली ती फाळका आणि कोळसा दोन्ही घेऊनच. मी बाजूला उडी मारली, पण पाय चाकापाशीच राहिला.

दुखलं नाही. खरं सांगतो, आधी काहीच दुखलं नाही. बुटाचं टोक भलत्याच बाजूला वळलेलं दिसलं आणि हा कोणाचा बूट, असं मनात आलं. मग ओरडलो.

विलासभाऊ स्वतः धावत आले. मला आपल्या गाडीत घातलं. वणीच्या दवाखान्यातून यवतमाळला न्यायला सांगितलं, तर सगळ्या रस्त्यानं माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांची पँट रक्तानं भरली तरी ते कुरकुरले नाहीत. हे मी आजही विसरलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

यवतमाळच्या जवळ आल्यावर त्यांनी खाली वाकून हळूच सांगितलं, "दत्त्या, पोलीस येईन जबाब घ्यायले. सांगजो, मी यांच्या घरचाच माणूस हाय, असाच गाडी घेऊन गेलतो. नाही तं गाडी जमा होईन, लफडं होईन. समजलं?"

"हो भाऊ," मी म्हणालो. मला तर ते ऐकून बरंच वाटलं. घरचा माणूस म्हणाले ना. दवाखान्यात पोलीस आला तेव्हा मी तसंच सांगितलं.

पाय कोणाशी बोलतोय

सरकारी दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं. पायाच्या बाहेरून लोखंडी सळ्या लावल्या, जशा शेताच्या कुंपणाला लावतात. मग सुरू झाला दवाखान्याचा दिवस. सकाळी झाडूवाली बाई खाटेवर झाडू आपटत यायची, "उचला पाय, उचला पाय." ज्याला पाय उचलता येत नाही त्यालाही तेच. मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली वाजली की सगळ्या वॉर्डातल्या माणसांची तोंडं भिंतीकडं फिरायची. त्या ट्रॉलीच्या एका चाकाचा आवाज आजही कुठं ऐकला तर हात आधी पायाकडं जातो.

पाय जाऊ शकतो हे ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींना घेऊन आले. पट्टी उघडली. वास आला तो मलाही आला. डॉक्टर पोरांना म्हणाले, "पू आटोक्यात आला नाही तर गुडघ्याखालून काढावा लागेल. आटोक्यात आला तरी हाड जुळायला दुसरं ऑपरेशन लागणार, ते इथे होणार नाही." एवढं बोलून पुढच्या खाटेकडं निघाले. ते माझ्या पायाशी बोलले, पोरांशी बोलले, पण माझ्याशी कोणी बोललंच नाही. त्यातली एक पोरगी मागं राहिली, तिनं चादर नीट केली आणि म्हणाली, "काका, अजून कापायचं ठरलेलं नाही हं." त्या पोरीचं नावसुद्धा मला माहीत नाही. देव तिचं भलं करो.

मी पाय धरून बसलो. धरून म्हणजे खरंच दोन्ही हातांनी. कोणी घेऊन जाईल म्हणून.

सुरेखा, माझी बायको, गावाहून आली. दारातूनच सळ्या बघितल्या आणि पदर तोंडात कोंबला. रडणं आवरल्यावर तिचं पहिलं वाक्य, "आन् तुमचं मालक कुठायत?"

"येतील. भाऊ रोज येतात."

रोज येत होते, पण ते आधी. मग एक दिवसाआड यायला लागले. मग डबा घेऊन कोणी माणूस यायचा. मग डबाही बंद झाला.

शेजारची खाट

माझ्या शेजारी केळापूरचे एक शेतकरी होते. सगळे त्यांना गजूकाका म्हणायचे. बैलगाडीवरून पडून खुबा मोडलेला, पण जीभ शाबूत. मी उठताबसता विलासभाऊंचं कौतुक करायचो ते त्यांना सहन व्हायचं नाही.

"कोण तुया तो मालक? दिसत तं नाई कधी," ते म्हणायचे.

"मालक नाय वो काका. घरच्यासारखेच. बुढीमाय तर मला पोरासारखं मानती. पोळ्याला बैलांची पूजा झाली की ट्रक दारात लावायला लावायची. ट्रकला कुंकू लावायची, मग मला ओवाळायची. सदऱ्याचं कापड द्यायची, हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवायची."

गजूकाका हसायला लागले. हसताना खुबा दुखायचा, म्हणून "आई गं" आणि हसणं दोन्ही एकदम चाललेलं. "बोजारा देल्ला? तुले?"

"हो, दरवर्षी."

"अबे येड्या, बोजारा गड्याले देते! पोराले कोनी बोजारा देते काय? माया घरी बी गडी हाय, त्याले देतो. पोट्ट्याले देल्ला तं तो मले मारीन. तू पोरगा नाई लेका, तू सालदार हायेस त्यायचा. ट्रकवरचा सालदार!"

आमच्याकडं हा सण वेगळ्या महिन्यात येतो, पद्धतीही वेगळ्या, त्यामुळं मला ते ठाऊकच नव्हतं. आता आठवलं तर प्रत्येक पोळ्याला माझ्या शेजारी शेतावरचा गडी मारोती उभा असायचा. त्याला ओवाळायचे, मग मला. आणि विलासभाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. हे डोळ्यांनी बघूनही मला दिसलं नव्हतं.

मी गजूकाकांकडं पाठ केली आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलं. सुरेखानं त्यांनी दिलेली केळी परत केली. एवढा राग आला होता, आणि तोही ज्याचा यायला पाहिजे होता त्याचा नाही.

कोन तू?

पू आटोक्यात आला. पाय वाचला, पण हाड जुळेना. दुसऱ्या ऑपरेशनसाठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायला हवं होतं आणि आमच्याकडं तेवढी ऐपत नव्हती. सुरेखा एसटीनं वणीला गेली, तिथून विलासभाऊंच्या घरी. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी विचारलंच नाही. रात्रीचं जेवण वाढताना तिनं स्वतःच सांगितलं.

विलासभाऊ ओट्यावरच होते. तिला बस म्हणाले नाहीत.

"ऑपरेशनचं बघा भाऊ. तुमच्याच गाडीवर झालंय," ती म्हणाली.

"माया गाडीवर? मी धाडलं होतं काय त्याले? पोलिसाले काय सांगितलं इचार तुया नवऱ्याले. घरच्यासारखा ठेवला, खाऊ घातलं, दवाखान्यात नेलं, आता डोक्यावर बसून राह्यला. कोन ड्रायव्हर? माया कोनी ड्रायव्हर नाई."

"मग एवढी वर्षं गाडी कोण चालवत होतं? भूत?"

"लई बोलून राह्यली तू. निंघ इथून."

बुढीमाय दारात उभी होती. सुरेखा तिच्या पाया पडायला वाकली तर तिनं पाय मागं घेतले.

नंतर समजलं की ट्रकचा विमा संपलेला होता. विमा चालू असता तर भरपाई कंपनीनं दिली असती आणि भाऊंनी मला ड्रायव्हर म्हणायला एक मिनिट लावलं नसतं. विमा नव्हता म्हणून मी घरचा झालो.

त्या रात्री सुरेखा आणि मी भांडलो. ती म्हणाली, "तुमी पोलिसाला खोटं सांगितलंच कशाला?" मी म्हणालो, "माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं." ती म्हणाली, "डोकं मांडीवर व्हतं म्हणून ते त्यांच्या ताब्यात देऊन टाकलं?" मी कुबडी उचलून भिंतीवर फेकली, आणि मग तीच आणून दे म्हणून तिलाच विनवावं लागलं. आजारी माणसाला धड चिडताही येत नाही.

सकाळी मी स्वतःच गजूकाकांशी बोललो. ते म्हणाले, "आला का ताळ्यावर?" त्यांच्या बहिणीची यवतमाळात एक खोली रिकामी होती, ती त्यांनी आम्हाला राहायला मिळवून दिली. कोर्टात काम करणाऱ्या मॅडमचं नावही त्यांनीच दिलं. ज्या माणसाची केळी परत केली त्याच्याच बहिणीच्या छपराखाली आम्ही पुढं दीड वर्ष काढलं. सुरेखा जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला लागली. संध्याकाळी आली की केसात, भुवयांत पांढरं पांढरं, एकदम म्हातारी दिसायची.

कोर्टातली खुर्ची

वकीलमॅडम शहरातल्याच. वडील, आजोबा सगळे कचेरीतले. पहिल्या भेटीत त्यांनी सरळ सांगितलं, "तुमचा पाय ट्रकवर मोडला ह्यावर वाद नाही. तुम्ही त्यांचे नोकर होता की नाही, सगळा वाद ह्यावरच आहे. नोकर असाल तर भरपाई. नसाल तर काही नाही. आणि पोलिसांसमोर तुम्हीच घरचा म्हणून बसलात."

"पगार हातात द्यायचे, मॅडम. सही नाही, काही नाही."

"मग सांगा, त्या घरात तुम्हाला नोकर म्हणून कसं वागवायचे?"

मी म्हणालो, "नोकर म्हणून वागवायचेच नाहीत." मॅडमनी कपाळाला हात लावला. सुरेखा मागून म्हणाली, "पोळ्याचं सांगा की." मी सांगितलं. मॅडमना बोजारा माहीत नव्हता. दोनदा विचारून घेतलं, आणि म्हणाल्या, "हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुमच्या तोंडून आलं तर गोष्ट, त्यांच्या तोंडून आलं तर पुरावा."

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात विलासभाऊंची माणसं उभी असायची. मी कुबड्यांवर आलो की एकजण मोठ्यानं म्हणायचा, "आले, घरचे जावई आले." एकदा विलासभाऊ स्वतः जवळ येऊन म्हणाले, "केस मागं घे. नाही तं ह्या जिल्ह्यात कोनाच्या गाडीचं स्टेअरिंग हातात येऊ देनार नाई." मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? आठवडाभर झोप नव्हती. स्टेअरिंगशिवाय मला दुसरं काय येतं? केस मागं घ्यावी असं मी सुरेखाला म्हणूनही बघितलं. ती भाकरी थापत होती. "घ्या मागं," ती म्हणाली, "आन् पायपण द्या त्यांना. घरचाच हाय न्हवं." मी परत तो विषय काढला नाही.

विलासभाऊंच्या वकिलांनी त्यांच्या बाजूनं साक्षीदार आणला तो कोण, तर बुढीमाय. म्हातारी सांगेल, पोरासारखा होता, आणि संपलं. त्यांचा हिशेब बरोबर होता.

त्या दिवशी मी पोळ्याचा सदरा घातला होता. मुद्दाम नाही. धड सदरा तेवढाच होता, निळ्या चौकड्यांचा.

बुढीमाय उभी राहिली. तिच्या वकिलांनी विचारलं, "हा माणूस तुमच्या घरी कसा राहायचा?"

"घरच्यावानी राहे. आमच्यातच जेवे. मी कधी दुजाभाव नाई केला."

"म्हणजे मुलासारखा?"

"हव."

वकील बसले. विलासभाऊंनी माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. मॅडम उठल्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच बुढीमायची नजर माझ्यावर पडली. इतका वेळ तिनं बघायचं टाळलं होतं. बघितलं आणि भडकली.

"पाहा पाहा, साहेब! आंगातला सदरा बी आमचाच हाय! पोळ्याले मी देल्ला. तोच घालून आमच्यावर केस करते हा. खाल्ल्या घरचे वासे मोजते!"

"आजी, शांत व्हा," न्यायाधीशसाहेब म्हणाले.

मॅडमनी आवाज अगदी मऊ केला. "फार छान कापड आहे, आजी. पोळ्याला सगळ्यांना देता?"

"मंग? आमचं घर लहान हाय काय? एकाच थानातलं फाडतो. ह्याले देल्लं, मारोतीले देल्लं."

"मारोती कोण?"

"आमचा शेतावरचा गडी."

"आणि बोजारा?"

"दोघायलेही. हातावर ठेवला मी, ओवाळून. कधी चुकवलं नाई."

"विलासभाऊंनाही त्याच थानातलं कापड देता? बोजारा देता?"

विलासभाऊंचे वकील उठायला लागले, पण म्हातारी थांबणारी नव्हती. पोराला कोणी गड्यांच्या रांगेत उभं केलं ह्याचाच तिला संताप आला. "विलासले कायले बोजारा? तो काय गडी हाय? तो मालक हाय! बोजारा गड्याले देते, बाई. तुमाले शहरातल्यायले काही समजत नाई!"

"मला खरंच समजत नव्हतं, आजी," मॅडम म्हणाल्या. "मग दत्ता कोण?"

"गडीच ना आमचा! ट्रकवरचा गडी. गड्यानं गड्यावानी राहावं, मालकाच्या बरोबरीनं कोर्टात नाई यावं!"

मी साहेबांकडं बघितलं नाही. मारोतीच डोळ्यांपुढं होता, हातावर बोजारा घेऊन, माझ्याच शेजारी उभा.

पुढचं

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी विलासभाऊंचा नोकर होतो आणि काम करताना पाय मोडला, असं साहेबांनी म्हटलं. विलासभाऊ वरच्या कोर्टात जाणार, जाणार म्हणत होते, पण भरपाई भरावी लागलीच. नागपूरला दुसरं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पायात घातला. शुद्धीवर आलो तेव्हा चादर बाजूला करून आधी बोटं मोजली. पाच होती. सुरेखा म्हणाली, "आता दुसऱ्याही पायाची मोजा, एखादं जास्त असलं तर परत देऊ."

आता माझ्या जागी जो असेल त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, ड्रेसिंगच्या वेळी तोंड भिंतीकडं फिरवू नका. बघा. न बघता जखम मोठी वाटते. दुसरी, पोलिसाला, डॉक्टरला, कोणालाही सांगताना मी अमक्याचा ड्रायव्हर आहे हे पहिल्यांदा सांगा, भले डोकं कोणाच्याही मांडीवर असू द्या. जेवू घातलं त्याचे उपकार माना. मीही मानतो, अजून मानतो. पण घरचा माणूस आणि कामाचा माणूस ह्यांतलं आपण कोण, हे अंगावर कोळसा पडायच्या आधी विचारून घ्या.

एक मधलं सांगायचं राहिलं. साक्ष झाल्यावर आम्ही व्हरांड्यात आलो. विलासभाऊ आईवर ओरडत होते, "काय बोलली तू? काय बोलून बसली?" ती बाकावर बसली होती. आपण काय केलं हे तिला कळलंच नव्हतं, एवढंच कळत होतं की आपल्याच पोरानं चारचौघांत आवाज चढवला.  मी कुबड्या टेकत पुढून जायला लागलो तर तिनं मला अडवलं. डोळ्यांत माया नव्हती. होता तो रागच.

"सांग बे ह्याले," ती म्हणाली. "खोटं बोलली का मी? नव्हता का तू आमचा गडी?"

"होतो, बुढीमाय," मी म्हणालो. "गडीच होतो."